चिंचखडीचा पाठमोरा सावळबाबा

विषय : सावळा भिवा आल्हाट, धंदा दोर वळणे, राहणार मौजे चिंचखडी, यांच्याबद्दल गावात जे सांगितले जाते त्याबाबत.

संदर्भ : गावातील म्हातारी माणसे, तसेच त्या माणसांनी लहानपणी ज्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले ती माणसे. पैकी दुसऱ्या गटाची साक्ष आता घेता येत नाही.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगण्यात येते की, फार वर्षांपूर्वी, मुळा नदीला धरण नव्हतं आणि चिंचखडीला पक्का रस्ता नव्हता तेव्हा, गावाच्या खालच्या अंगाला दोर वळणाऱ्यांची वस्ती होती. बैलाचा कासरा, गाईचं दावं, मोटेचा नाडा, पाळण्याची दोरी, सगळं त्या वस्तीतून गावात जाई. ज्या विहिरीत त्यांचा दोर तळापर्यंत उतरे, त्या विहिरीच्या काठावर मात्र त्यांना चढता येत नसे. दोराला विटाळ नव्हता, वळणाऱ्याला होता. गावाचं शास्त्र इतकं बारीक असतं.

सावळा त्या वस्तीतला. उंच, काटकुळा, बोलायला कमी. त्याचा दोर असा असे की, असं म्हणतात, त्याच्या दाव्याला बांधलेली गाय सुटून जायचा विचारच सोडून देई. गाईला कुणी विचारलेलं नाही.

मग एका दुष्काळाच्या पाठोपाठ पाद्री साहेब आले. त्यांनी वस्तीत एक लांब सरळ गल्ली आखली. तिच्या एका टोकाला विहीर खोदली आणि दुसऱ्या टोकाला देऊळ बांधलं. त्या भागातले ख्रिस्ती लोक आपल्या उपासनेच्या जागेला देऊळच म्हणत. धर्म बदलला होता, सगळे शब्द बदलायला वेळ मिळाला नव्हता. पाद्री साहेबांनी लोकांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या. त्यातली एकच सावळ्याच्या मनात रुतून बसली. ती पंगतीची.

गावजेवण झालं की वस्तीची पंगत सगळ्यांच्या नंतर, वेशीबाहेर, उरलंसुरलं घेऊन बसे. पाद्री साहेब म्हणाले की प्रभूच्या भोजनाला एकच पंगत असते. एकाच तबकातली भाकर सगळे मोडून घेतात, एकच प्याला सगळ्यांच्या हातून फिरतो.

"समदे एका रांगंत?" सावळ्याने विचारलं.

"एका रांगेत."

"आन आधी कोन?"

"जो जवळ बसला असेल तो."

सावळा घरी आला आणि बायकोला, ठकूबाईला, म्हणाला, "मला तिथं बसायचंय." असं म्हणतात, त्याने पुढे बाप्तिस्मा घेतला तो या एका वाक्यासाठी. हे कारण फार हलकं आहे, असं काही लोक म्हणत. ज्यांना रोज पंगत मिळत असे ते म्हणत.

पण नुसत्या बाप्तिस्म्याने पंक्तीला बसता येत नसे. त्यासाठी मंडळीच्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाच्या, पंचांपुढे परीक्षा द्यावी लागे. दहा आज्ञा म्हणून दाखवायच्या, विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते, म्हणायचा, आणि शेवटी गुडघे टेकून, डोळे मिटून, भाकर-प्याला ठेवतात त्या मेजाकडे तोंड करून, स्वतःच्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करायची. जो पास होई तो पुढे मेजाजवळच्या चटईवर बसे. जो नापास होई तो मागे, दाराशी, चपलांच्या बाजूला बसे आणि पंगत बघे. बघायला कुणाची हरकत नव्हती.

परीक्षा घेणारे मुख्य पंच म्हणजे दाजीबा ससाणे मास्तर. शाळा तेच चालवत, पाद्री साहेब दौऱ्यावर असले की उपदेशही तेच करत. माणूस कडक, पण वाईट नव्हता. गावाने त्यांना जन्मभर मर्जीवर बाहेर ठेवलं होतं. आज हा म्हणेल ये, उद्या तो म्हणेल चालता हो. मंडळीत नियम होता. नियमाला मर्जी नसते, म्हणून मास्तर नियमाला असं जपत जसं एखादा गरीब माणूस घरातलं एकुलतं एक पितळी भांडं जपतो. रोज घासत, आणि वापरायला कुणाला देत नसत.

आता सावळ्याची अडचण काय होती ते सांगायला हवं. त्याला बसून पाठ होत नसे. मास्तरांनी त्याला प्रभूने शिकवलेली प्रार्थना शिकवायला घेतली, तर दुसऱ्या ओळीला त्याला पेंग येई. शेवटी मास्तर कंटाळले आणि पाद्री साहेबांकडे तक्रार गेली. पाद्री साहेब तेव्हा टांग्यात एक पाय ठेवून उभे होते. ते म्हणाले, "सावळा, प्रार्थना कधीही थांबवू नये, असं शास्त्रात आहे."

"मंग दोर कवा वळायचा, साहेब?"

"तोही वळ," साहेब म्हणाले आणि दुसरा पाय टांग्यात घेतला.

हा तोंडी आदेश होता. तोंडी आदेशाची लेखी पुष्टी मागून घ्यावी, हे सावळ्याला ठाऊक नव्हतं. त्याने तो जसाच्या तसा अमलात आणला.

दोर कसा वळतात हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एका टोकाला लाकडी फिरकी असते, ती एक जण फिरवतो. दुसऱ्याच्या कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या कुटलेल्या धाग्यांचा, झुपका बांधलेला असतो. तो बोटांनी वाख सोडत सोडत मागे मागे चालत जातो आणि त्याच्या समोर दोर वाढत जातो. फिरकी विहिरीजवळ होती, ती ठकूबाई फिरवी. सावळा तिच्याकडे तोंड आणि देवळाकडे पाठ करून गल्लीतून उलटा चालत जाई. आणि उलटा चालता चालता तो प्रार्थना म्हणू लागला.

फिरकीला पहिला पीळ बसला की तो स्वर्गातल्या बापाला हाक मारी. स्वतःच्या झोपडीसमोर आला की रोजच्या भाकरीची ओळ येई. चुलीवरचा धूर तिथे नाकात जाई, त्यामुळे ती विसरणं शक्यच नव्हतं. पुढे मल्हारीचं घर. मल्हारीशी त्याचं शेळीवरून जुनं भांडण होतं. नेमकी तिथे क्षमेची ओळ येई, आणि असं म्हणतात, तिथे दोर नेहमी जरा जास्त पिळाचा होई. त्याच्या पुढे दारूचं दुकान. ते गावाचं होतं, सोयीसाठी वस्तीजवळ ठेवलं होतं. मोहात पाडू नको, ही ओळ तिथे येई, आणि ती तो घाईने म्हणे. बाभळीखाली आमेन. तिथे दोर पुरा होई.

रोज हाच रस्ता, हीच ओळ, हेच घर. थोड्याच दिवसांत काय कशाला धरून आहे, ते कळेनासं झालं. ठकूबाई म्हणे, "तुमी भाकरीवर आला का मला कळतं. फिरकी हलकी व्हती."

"ती भुकंनं हलकी व्हत असंल."

"भुकंनं जड व्हती. मला इचारा."

याप्रमाणे तयारी झाल्यावर सावळ्याने परीक्षेसाठी अर्ज केला. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन असे आणि त्याच दुपारी परीक्षा. सावळा धुतलेलं धोतर नेसून पंचांपुढे आला. आज्ञा त्याने म्हटल्या. दोन मागेपुढे झाल्या, पण आकडा बरोबर भरला. अंगीकार म्हटला. मग गुडघे टेकले, डोळे मिटले, हात जोडले, आणि तोंडातून शब्द नाही. जोडलेल्या हातांची बोटं मात्र एकमेकांवरून सरकत होती.

"सावळा, बोटं थांबव," मास्तर म्हणाले.

बोटं थांबली. ओठ जे थोडे हलायला लागले होते, तेही थांबले.

"मास्तर, मूठभर वाख आनू का?"

पंच हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं की प्रार्थनेला वाख कशाला लागतो, आणि सावळ्याने सगळं सांगितलं: गल्ली, भाकर, मल्हारी, दुकान.

"म्हणजे तू देवळाकडे पाठ करून प्रार्थना करतोस?"

"दोर तसाच वळत्यात, मास्तर. देव कंच्या अंगाला असतो तेवढं सांगा, म्या फिरकी त्या अंगाला लावतो."

या प्रश्नावर पंचांत चर्चा झाली. एकाचं म्हणणं पूर्व, एकाचं म्हणणं वर, एकाचं म्हणणं पाद्री साहेब बसतात ती बाजू. एकमत झालं नाही. सावळ्याचा अर्ज पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला आणि संध्याकाळी तो दाराशी, चपलांच्या बाजूला बसला. ठकूबाई आधीच पास झालेली होती. ती पुढे बसली आणि तबक हातात आल्यावर तिने एकदा मागे वळून पाहिलं.

असं बरीच वर्षं चाललं. अर्ज येई, तहकूब होई. सावळ्याची दाढी पांढरी व्हायला लागली. तेव्हा मास्तरांनाच वाटलं की हा माणूस असाच मरेल आणि ते बरं दिसणार नाही. ते एका सकाळी त्याच्या झोपडीत आले.

"हे बघ सावळा. दोर वळताना तोंड बंद ठेवायचं. प्रार्थना सकाळी, गुडघ्यावर, माझ्यासमोर. हिवाळाभर केलंस तर पवित्र गुरुवारपर्यंत जमेल. मलाही एकदाचा तुझा अर्ज निकालात काढायचाय."

सावळ्याने मान्य केलं. पंगत त्याला हवीच होती. तो सकाळी गुडघे टेकी, मास्तर सांगत ते म्हणे, आणि मग दिवसभर ओठ मिटून दोर वळे. हळूहळू जमू लागलं. हात स्थिर राहू लागले. संक्रांत उलटून गेल्यावर तर तो स्वतःच्या शब्दांत चारदोन वाक्यं बोलू लागला. ते शब्द मास्तरांचे होते, पण नियमात ते कुठे तपासलं जात नव्हतं.

आणि दोर तुटायला लागले.

पहिल्यांदा एक दावं तुटलं आणि गाय नदीपलीकडे सापडली. मग कुणाच्या पाळण्याची दोरी उसवली. मग ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाटलांच्या मोटेचा नाडा तुटला, मोट विहिरीत गेली आणि बैल धावेवर, मोट ओढायच्या उतारावर, बसून राहिले. त्या वर्षीचा वाख नीट कुजला नव्हता, हे खरं कारण असावं. पण असं म्हणतात की दोराला पीळ सावळ्याच्या तोंडून जाई, आणि तोंडच बंद झाल्यावर नुसता वाख काय करणार. गावाला दुसरं कारण पटलं. ते जास्त सोपं होतं.

पाटलांचा गडी वस्तीत आला.

"सावळ्या, पाटलांनी सांगितलंय, तुझं ते येशूचं पुटपुटणं आजपासून चालू कर."

"मास्तरांनी बंद केलंय."

"मग मास्तरला सांगतो."

मास्तरांना निरोप पोचला. वस्तीतली माणसं ख्रिस्ती झाली तेव्हा याच पाटलांनी घरं जाळायची भाषा केली होती. आता ते ख्रिस्ती प्रार्थना बंद पडली म्हणून तक्रार करत होते. मास्तरांना याचा थोडा आनंदही झाला असावा. पण त्यांनी उत्तर दिलं, "मंडळीच्या कामकाजात बाहेरच्यांनी पडू नये."

रात्रीची भाकरी थापता थापता ठकूबाईने नवऱ्याला विचारलं, "गुडघ्यावर बसल्यावं काय वाटतं?"

"काय न्हाई. जमीन दिसती."

"डोळं मिटलेलं असत्यात ना?"

"तरी बी." त्याने चुलीत एक काटकी सरकवली. "गल्लीत म्हनायचो तवा एकेक घर दिसायचं. उलटं चाललं का मागं पडल्यालं समदं समोर ऱ्हातं. तिथं मला कुनी आठवत न्हाई. नुस्तं मास्तर आठवत्यात."

"मंग सोडा."

"सोडून कसं चालंल? चार दिसांवर गुरवार आलाय. अवंदा मी पास हाय, मास्तर म्हनले."

"मंग धरा," ठकूबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

गुरुवार उजाडला. सकाळीच वस्तीच्या विहिरीचा दोर तुटला. पोहरा बुडाला, आणि उन्हाळ्यामुळे पाणी इतकं खोल गेलेलं की घराघरांतले तुकडे बांधूनही पुरेना. गावाच्या विहिरी होत्या, पण त्या गावाच्या होत्या. दुपारपर्यंत बायका रिकामे हंडे घेऊन विहिरीशी बसल्या. पोरं रडू लागली. देवळात पंच परीक्षेला जमले होते, पाद्री साहेब आले होते, आणि धुतलेलं धोतर नेसलेला सावळा दोहोंच्या मध्ये, गल्लीत उभा होता.

त्याने धोतराचा सोगा वर खोचला आणि कमरेला वाख बांधला.

"परीक्षा?" ठकूबाईने विचारलं.

"फिरीव."

तिने फिरकी फिरवली. पहिला पीळ बसला आणि सावळ्याने, हिवाळ्यापासून पहिल्यांदा, गल्लीत तोंड उघडलं. तो उलटा चालू लागला. भाकरीची ओळ झोपडीसमोर झाली. मल्हारी दारातच बसला होता, क्षमेची ओळ त्याच्या तोंडावरच झाली, आणि असं म्हणतात, मल्हारी म्हणाला, "शेळी माझीच व्हती, पर असू दे." दारूच्या दुकानासमोरची ओळ झाली. बाभूळ आली. आमेन झालं.

पण दोर पुरेसा झाला नव्हता. पाणी खोल होतं. सावळा थांबला नाही, बाभळीच्या मागे चालत राहिला. तिथून पुढची प्रार्थना कुणी शिकवलेली नव्हती. पावलं चालत होती, बोटं चालत होती, म्हणून तोंडही चालत राहिलं. घरं एकेक करून त्याच्या पाठीमागून येत आणि समोर उभी राहत.

"सरूबाईच्या पायाला उतार पडू दे, बापा. तिला झाडायला वाकता येत न्हाई. ह्या घरात म्हस गाभन हाय, रेडकू नीट होऊ दे. ह्या दोघा भावांनी मधी भित घातलीय, ती पावसात पडली तर बरं. पाटलाच्या बैलांना पानी मिळू दे, त्यांचा काय दोस न्हाई. पाटलाला बी मिळू दे."

असं म्हणतात, त्याच्या कमरेचा वाख संपला नाही. जितका दोर होई तितका झुपका पुन्हा भरे. ठकूबाईने आदल्याच दिवशी ढीगभर वाख कुटून ठेवला होता आणि वाटेतल्या बायका त्यातला आणून त्याच्या कमरेला खोचत होत्या, असंही काही जण सांगतात. पण हे सांगणाऱ्यांना कुणी दुसऱ्यांदा सांगायला लावत नाही.

देवळाचं दार गल्लीवरच उघडत होतं. उलटं चालणाऱ्याला दार दिसत नाही. सावळा पाठमोरा आत आला. आत पंच बसले होते, पाद्री साहेब मेजाशी उभे होते, भाकर तबकात होती. सगळ्यांना आधी त्याची पाठ दिसली आणि मग आवाज ऐकू आला.

"आन मास्तरांना झोप लागू दे, बापा. त्येंच्या घरात पहाटंपत्तोर कंदील जळतो. येवढ्या पोरांचं, येवढ्या मानसांचं एकटंच डोक्यात घेऊन बसत्यात. कुनी इचारत बी न्हाई त्येंना."

इथे त्याची टाच चपलांच्या ढिगात अडकली आणि तो मागच्या चटईवर धपकन बसला. तोंडाने आमेन म्हटलं. मग त्याने मान वळवून पाहिलं आणि विचारलं, "म्या कुठं आलो?"

दोर दारातून, गल्लीतून, थेट विहिरीपर्यंत ताणलेला होता.

पंचांपुढे आता प्रश्न उभा राहिला. उमेदवाराने मोठ्याने प्रार्थना केली होती. स्वतःच्या शब्दांत केली होती. ते शब्द त्याचे नाहीत असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण गुडघे टेकले नव्हते. डोळे उघडे होते. मेजाकडे पाठ होती. पाद्री साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी एकदा तबकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नियमाप्रमाणे याला पंक्तीला घेता येत नाही. अर्ज तहकूब."

सावळ्याने मान खाली घातली. त्याची वाखाने चिरलेली बोटं दोराचं टोक गाठ मारून बंद करत होती.

मास्तर उठले. पुढच्या चटईवरची आपली जागा सोडून ते देवळातून चालत मागे आले आणि सावळ्याजवळ उभे राहिले.

"पंक्तीला कुणाला घ्यावं याचा नियम आहे," ते म्हणाले. "पंगत कुठे बसावी याचा नाही. मी पाहिलंय."

"मास्तर, इथं चपला हायेत."

"दिसतंय. सरक."

मास्तर बसले. मग दुसरा पंच उठला. ज्याचं म्हणणं पूर्व असं होतं तो, असं म्हणतात. मग तिसरा. दोराचं टोक बांधून झालं तशा बायकांनी विहिरीशी पाणी काढलं, घराघरांत पोचवलं, आणि पदराला हात पुसत त्याही आल्या आणि दाराशीच बसल्या. मल्हारी आला. ठकूबाई आली. पुढची चटई रिकामी झाली आणि मागे पाय ठेवायला जागा उरली नाही. पाद्री साहेब काही वेळ मेजापाशी एकटेच होते. मग त्यांनी तबक उचललं आणि ते दाराकडे आले, कारण पंगत तिकडे होती.

तबक रांगेतून फिरलं. एका हातून दुसऱ्या हाती, सावळ्यापर्यंत आलं आणि त्याच्या पुढे गेलं. मध्ये काय झालं, ते फक्त शेजाऱ्याला माहीत असणार. शेजारी मास्तर होते. लोक त्यांना शेवटपर्यंत विचारत राहिले, आणि मास्तर शेवटपर्यंत एकच उत्तर देत राहिले: "माझे डोळे मिटलेले होते. तसा नियम आहे."

त्या रात्री मास्तरांच्या घरचा कंदील लवकर विझला, असं म्हणतात. तेल संपलं असेल, असंही म्हणतात.

सावळा त्यानंतर म्हातारा होईपर्यंत गल्लीत उलटा चालत राहिला. परीक्षेची तयारी त्याने पुन्हा केली नाही. सरकारी दृष्टीने त्याचं निधन खोकल्याने झालं. गावात मात्र असं म्हणतात की शेवटचा दोर वळताना तो बाभळीच्या मागे गेला, देवळाच्या मागे गेला, नदीच्या मागे गेला, आणि दिसेनासा झाला, तरी ठकूबाईच्या हातातली फिरकी फिरतच होती. लोक म्हणाले, "ठकूबाई, आता सोड." ती म्हणाली, "पीळ आजून लागतोय."

त्या गुरुवारच्या दोराचे तुकडे आज चिंचखडीत जवळजवळ प्रत्येक घरात आहेत. पाळण्याला बांधतात, ट्रॅक्टरला बांधतात, बारावीच्या मुलांच्या मनगटाला बांधतात. त्यातले बरेच नायलॉनचे आहेत. श्रद्धेत त्यामुळे फरक पडलेला नाही.

पवित्र गुरुवारी दुपारी लोक विहिरीपासून देवळापर्यंत एक लांब दोर धरून उलटे चालतात आणि जे घर मागे पडून समोर येईल त्याचं नाव घेतात. ज्याचं ज्याच्याशी भांडण असेल त्याच्या घरासमोर त्याला जरा जास्त वेळ उभं करतात. काही वर्षी यामुळे मिरवणूक अंधार पडेपर्यंत पोचत नाही. दारूच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. मोहाची ओळ तिथेच म्हणतात. दुकानदाराने हरकत घेतलेली नाही. इतर दिवशी गावातल्या बायका पीठ मळताना, माणसं मोटारसायकल पुसताना, एसटी कंडक्टर झालेला एक जण तिकिटं फाडताना तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत असतात. त्याला सावळ्याचं पुटपुटणं म्हणतात. काय बोलतात असं विचारलं तर सांगत नाहीत, पण हातातलं कामही थांबवत नाहीत.

आणि प्रभुभोजनाची पंगत चिंचखडीत अजून दाराशीच बसते. नवीन आलेले पाद्री पहिल्या वर्षी विनंती करतात की लोकांनी पुढे येऊन बसावं, बाकं रिकामी आहेत. दुसऱ्या वर्षी ते तबक घेऊन मागे जातात.

मंडळीच्या वार्षिक सभेत सावळा भिवा आल्हाट यांना पंक्तीला घेण्याबाबतचा अर्ज दरवर्षी पहिला विषय म्हणून येतो. मध्यंतरी एका तरुण वकिलाने तो मंजूर करून एकदाचा निकाली काढावा, असा ठराव मांडला. त्यावर एक म्हातारी उभी राहून म्हणाली, "मंजूर केला तर आपल्याला उठून पुढं जावं लागंल. नामंजूर केला तर त्याला उठवावं लागंल. तुला कंचं जमतंय?" वकिलाने ठराव मागे घेतला. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात आला.

अर्ज प्रलंबित आहे.